पान्हा

अकरा किलोमीटर ती दिवा लागलेला ठेवून आली.
लाल, चिमुकला, तेलाच्या झारीचा दिवा.
"मला वाटलं, बल्बच बिघडला असेल," म्हणाली लामारा.
आंब्रोलाउरीच्या वरच्या गावांतली गुरं ती बघते,
कुठली गाय रवंथ करेना म्हटलं की
मध्यरात्री बर्फातून निघते,
पण स्वतःची निवा कण्हत होती ते तिला ऐकू आलं नाही.

मीही दिव्यावर लगेच विश्वास ठेवला नाही.
सेन्सर काढून तिथे बापाच्या वेळचा दाबमापक बसवला.
गोचा, मार स्टार्टर.
काटा थरथरला, जरासा उठला,
आणि आजाऱ्यासारखा परत आडवा झाला.
बंद कर! बंद कर रे!

म्हणजे खाली शिरणं आलं.
आधी पुढचं डिफरन्शियल सोडवा,
मग इंजिन साखळीने दोन बोटं उचला,
मग चेंबरचे बोल्ट, अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेक मांडून.
एक नेहमी कमी भरतो,
एक नेहमी माझ्या खिशात सापडतो.

पंप मुठीएवढा. डिझेलमध्ये धुतला.
आत दोन गिअर, दातांत दात अडकवून बसलेले,
जन्मभर उलट्या दिशांना फिरून एकच काम करणारे.
वर पोलादी पट्टी आडवी धरली,
फटीत फीलर गेजचं पान सारलं.
दहा शतांश सहज गेलं.
पंधरा, अडत अडत.
वीस गेलंच नाही.
गोचाचं तोंड उतरलं, त्याला नवा पंप फोडायचा होता.
स्प्रिंग सरळ. प्लंजर बोटाने दाबला,
गेला, परतला.
पंपाचा काही दोष नव्हता.

मग गाळणी उलटी केली.

जाळीत केशरी तुकडे,
शेवयांसारखे, रबरी,
एकात एक गुंतून गच्च बसलेले.
तो केशरी रंग या खोऱ्यात फक्त माझ्याकडे आहे.
तुर्कस्तानातून आणलेली ट्यूब,
अजून फळीवर, तोंडात खिळा ठोकून ठेवलेली.
ऑक्टोबरात, द्राक्षं तोडायच्या घाईत,
याच चेंबरला मी ती फासली होती. जाड.
जाड लावली की गळत नाही, असं गोचाला शिकवतही होतो.
बाहेर गळलं नाही.
आत गळलं.

गोचाने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग उगाच स्वच्छ पाना पुसत बसला.

लामारा टायरांच्या ढिगावर सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.
"काय निघालं?"
"कचरा."
"कसला?"
माझा, म्हणालो.
बी दातांत तशीच धरून ती थोडा वेळ गप्प.
"मी एकदा एका गाईच्या पोटात कापसाचा बोळा विसरले होते."
"मेली?"
"छे. पण अजून मला पाहिलं की पाठ फिरवते."

या वेळी बुचाचं पॅकिंग. ट्यूब नाही.
बसवण्याआधी पंपाच्या तोंडात तेल ओतलं,
हाताने दांडा फिरवत राहिलो,
तेल दुसरीकडून ओघळेपर्यंत.
कोरडा पंप नुसताच फिरतो, ओढत नाही.
"आमच्याकडेही असंच," ती मागून म्हणाली,
"आटलेल्या सडाला नुसतं ओढून चालत नाही."

कॉइलची वायर काढली.
स्टार्टर.
काटा निपचित.
पाच सेकंद. आठ.
माझ्या हातात पाना,
आणि आम्ही तिघं वाट बघतोय पान्ह्याची.
अकराव्या सेकंदाला काटा हलला,
चढला,
चढून तिथेच राहिला.

पैसे घेतले नाहीत. तिने आग्रहही केला नाही,
ते मला जरा लागलं.
त्या अकरा किलोमीटरनी बेअरिंगचं काय केलं
ते इंजिन पुढे केव्हा तरी सांगेल,
हेही मी तिला खिडकीशी वाकून सांगितलं.
तिने मान हलवली, दिवा विझलेला पाहिला,
आणि चढाला लागली.

रात्री सवयीने खिसा चाचपला.
बोल्ट नव्हता.
केशरी तुकडा होता.